जुनी फोर बाय फोर पिकअप: कुठल्या भोकात कुठलं ऑइल?

पांदणवाला (वरूड तालुका)

नमस्कार मंडळी. मार्च महिन्यात जुनी डबल केबिन पिकअप घेतली. २००९ ची, कॉमन रेल डिझेल, डॅशबोर्डवरचं गोल बटण फिरवलं की फोर बाय फोर लागते, म्हणजे चारही चाकांना जोर मिळतो. मीटरवर १ लाख ८४ हजार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण विचारायचं आहे ते कुठल्याही जुन्या फोर बाय फोरला लागू पडेल.

गाडी घेण्याचं कारण आमची पांदण. बागेपासून डांबरी रस्त्यापर्यंत सव्वा किलोमीटर काळी माती, मध्ये एक नाला. संत्र्याचा आंबिया बहार उतरवायला ऑक्टोबर उजाडतो, आणि परतीचा पाऊस लांबला की साधी पिकअप तिथे चाकं बुडेपर्यंत रुतते. गेल्या साली शेवटची तोड आम्ही क्रेट डोक्यावर घेऊन बाहेर काढली.

विकणारा म्हणाला, "सर्व्हिस झालेली आहे, ऑइल आत्ताच टाकलं." डिपस्टिक पाहिली, ऑइल खरंच नवं होतं. मी निश्चिंत झालो. परवा शेणखत आणताना ओल्या धुऱ्यावर फोर बाय फोर लावून पाहिली, तर दिवा नुसता लुकलुकत राहिला. मिनिटभराने लागली, पण खालून गुरगुर आवाज आला. मग गाडीखाली शिरलो आणि एकेक नट उघडून बोट घालून पाहत गेलो.

इंजिन ठीक. गिअरबॉक्सचं ऑइल काळं, पण लेव्हलला. मागच्या क्राऊनमध्ये, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या डब्यात, बोट घातलं तर ऑइल लागलंच नाही. ट्रान्सफर केसमध्ये (इंजिनचा जोर पुढच्या चाकांकडेही वळवणारा डबा) पुस्तकाप्रमाणे लाल, पातळ एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, हवं होतं. निघालं गंधकाचा वास मारणारं जाड गिअर ऑइल. पुढच्या क्राऊनमध्ये दुधाच्या चहासारखं काहीतरी. रेडिएटरमध्ये तांबडं पाणी आणि ब्रेक ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचं.

म्हणजे जे झाकण उघडून गिऱ्हाईक पाहतो, तेवढंच एक ऑइल बदललेलं होतं. साध्या पिकअपला इंजिन, गिअरबॉक्स, मागचा क्राऊन, स्टेअरिंग, ब्रेक-क्लच आणि रेडिएटर अशी सहा ठिकाणं. फोर बाय फोरला ट्रान्सफर केस आणि पुढचा क्राऊन धरून आठ. या वाढीव दोन ठिकाणांसाठीच आपण जास्त पैसे मोजतो आणि तीच दोन ठिकाणं वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही.

आता सगळंच रिकामं करून नव्याने भरायचं ठरवलं आहे. प्रश्न असे:

इंजिनला पुस्तकात १५डब्ल्यू-४० (ऑइलच्या जाडपणाचा ग्रेड) लिहिलंय. आपल्याकडच्या ४५-४६ अंशांत २०डब्ल्यू-५० टाकावं का? दुकानदार तेच म्हणतो.

गिअरबॉक्सला जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल सांगितलंय. दुकानात जीएल-५ आहे आणि "हे वरचं आहे, बिनधास्त टाका" असं सांगतात.

आणि जुन्या इंजिनात फ्लश (गाळ सोडवणारं द्रावण) टाकून धुऊन घ्यावं का?

जुनागॅरेज (काटोल)

भाऊ, तीस वर्षं हेच काम केलं म्हणून लिहितो. गाडीले हात लावाच्या आधी एक गोष्ट ध्यानात ठेवा. कोणताबी डबा असो, भराचा नट पयले सोडाचा, मंग खालचा. पुढच्या क्राऊनचा नट पंधरा वर्षं गंजून बसलेला रायते. खालून ऑइल काढून टाकलं अन् वरचा नट सुटलाच नाई, त गाडी जाग्यावरच बसली, गॅरेजपर्यंतबी नेता येत नाई. माह्याकडे अशा गाड्या टोचन लावून आल्या हायेत.

नटाच्या खाचेत काळी माती ठासून भरलेली असते. ते खिळ्यानं कोरून काढा, ब्रश मारा, रात्री गंज सोडवाचा स्प्रे मारून ठेवा. माती तशीच ठेवून पाना घातला त तो अर्धाच बसते अन् खाच गोल होते. मंग वेल्डिंगवाल्याकडे जाच काम पडते.

ऑइल कोमट असताना काढाचं. आठ-दहा किलोमीटर फिरवून आणा, मंग काढा, घाण संगं निघते. नटाच्या टोकाले चुंबक असन त ते पाहा. त्याच्यावर राखेसारखा मऊ लगदा असन त चिंता नाई, ते झीज हाये. बोटाले टोचणारी चकती निघाली, नाईतर दाताचा तुकडा निघाला, त नवं ऑइल भरू नका, क्राऊन खोला.

अन् जेवढं निघालं तेवढंच मोजून भराचं नाई. मागच्यानं कमी भरलं असन त तुमीबी कमीच भरसान. तुमचा मागचा क्राऊन तसाच होता ना. गाडी सपाट जाग्यावर उभी करा अन् वरच्या भोकातून ऑइल वाहाले लागेपर्यंत भरा. नटाखालचं तांब्याचं वॉशर नवं टाका.

आता तुमचे सवाल.

२०डब्ल्यू-५० नको. बाहेर ४६ अंश असो का २०, इंजिन तापलं की आतलं पाणी थर्मोस्टॅट ८५-९० च्या आसपासच ठेवते. पुस्तकवाल्यानं ४० नंबर त्याच हिशोबानं देल्ला हाये. १५डब्ल्यूतला १५ हा थंडीचा नंबर. त्याची परीक्षा उणे २० अंशाले होते. आपल्याकडे लय थंडी पडली तरी आठ-दहा अंश, म्हणून तो आकडा आपल्याले आडवा येतच नाई. पण जाड ऑइल सकाळी टर्बोपर्यंत पोचाले उशीर लावते, अन् टर्बोची बेअरिंग तेवढ्यातच खराब होते. इंजिन घासून प्रेशर पडलं असन त गोष्ट वेगळी, पण मंग ते इंजिनाचं काम हाये, ऑइलनं नाई भागत.

ग्रेडच्या खालची ओळ वाचा. डिझेलले सी अक्षरानं सुरू होणारं पायजे, सीएच-४, सीआय-४, नाईतर त्याच्या पुढचं. नुसतं एस अक्षराचं पेट्रोलसाठी असते. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं ऑइल घरात पडलं हाये म्हणून इंजिनात ओतू नका, तेबी पाह्यलं म्या.

फ्लश त अजिबात नको. जुन्या इंजिनात गाळ जागोजागी चिकटून बसलेला असते. फ्लशनं त्याचा पापुद्रा एकदम सुटते अन् चेंबरमधल्या जाळीवर जाऊन बसते. पंपाले ऑइल मिळाले नाई की खेळ खलास. चांगलं ऑइल टाका, फिल्टर नवा टाका, दीड-दोन हजार किलोमीटरले पुन्हा दोन्ही बदला. गाळ हळूहळू निघते. दोन दिवसांत ऑइल काळं झालं म्हणून घाबरू नका, डिझेलची काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच हाये. लेव्हल वाढत चालली त मात्र घाबरा, डिझेल उतरून रायलं. अन् कॉफीसारखं झालं त पाणी.

टिपेश्वर_वाट (पांढरकवडा)

काकांचं बाकी सगळं पटलं. जीएल-५ बद्दल मात्र माझा अनुभव वेगळा आहे. मी तीन वर्षांपासून गिअरबॉक्सला जीएल-५ वापरतो. जंगलालगतच्या कच्च्या रस्त्यावर रोजची गाडी आहे, काही झालं नाही. एकच कॅन आणायचा, दोन्ही क्राऊनला तोच आणि गिअरबॉक्सलाही तोच. गावात राहून चार प्रकारचे डबे कुठून आणायचे?

जुनागॅरेज (काटोल)

दादा, तीन वर्षं काई झालं नाई हे खरं असन. सगळंच जीएल-५ पितळ खाते असंबी नाई. पण कारण समजून घ्या.

क्राऊनमध्ये पिनियनचा, म्हंजे शाफ्टच्या टोकाच्या लहान गिअरचा, दात क्राऊनच्या दातावर दाबतबी जाते अन् घसरतबी जाते. तेवढ्या दाबात साधं ऑइल पिळून निघून जाते. म्हणून जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसचा मसाला जीएल-४ च्या जवळजवळ दुप्पट. तो लोखंडाच्या दातावर थर धरते. क्राऊनले तेच पायजे, तिथं जीएल-४ टाकलं त दात जाईन.

गिअरबॉक्समध्ये गिअर बदलताना दोन्हीचा वेग जुळवणाऱ्या पितळेच्या सिंक्रो रिंगा असतात. तो मसाला गरम झाला की पितळेले खाऊ शकते. दुसरं म्हणजे, रिंगीले गिअरचा वेग पकडाले थोडं घर्षण पायजे. जास्त बुळबुळीत ऑइलमध्ये रिंग घसरते, अन् दुसरा-तिसरा गिअर कर्रकन लागते. तुमचा तिसरा गिअर सकाळच्या पारी कसा लागते ते पाहून सांगा.

चार डबे आणाचं म्हणता, त हे काम दोन-तीन वर्षांतून एकदा हाये. यवतमाळले एक चक्कर मारा.

टिपेश्वर_वाट (पांढरकवडा)

तिसरा गिअर सकाळी अडतो, हे खरं आहे. मी ते क्लचवर ढकलत होतो. जीएल-४ टाकून पाहतो.

पांदणवाला (वरूड तालुका)

काका, फार आभार. ट्रान्सफर केसचं सांगा. जाड गिअर ऑइल किती दिवस आत होतं माहीत नाही. नुसतं काढून एटीएफ भरलं तर चालेल का? मनात असं येतं की जाड ऑइल जास्त टिकाऊ, मग कंपनीने एवढं पातळ कशाला सांगितलं असेल?

जुनागॅरेज (काटोल)

बटणवाल्या गाडीच्या ट्रान्सफर केसमध्ये बहुतेक साखळी असते, अन् आतल्या लहान वाटांतून ऑइल फिराले पायजे. पातळ ऑइल साखळीच्या प्रत्येक पिनीत शिरते. जाड ऑइल बाहेरूनच फिरते, थंडीत तर जाग्यावरच बसून रायते, अन् गिअर सरकवणाऱ्या मोटरलेबी जोर पडते. तुमचा दिवा लुकलुकाचं एक कारण ते असू शकते. दुसरं कारण मोटरच्या वायरीचा सॉकेट. तो काढून पाहा, त्यात माती अन् हिरवा गंज सापडन.

एटीएफ भरा, पाच-सात किलोमीटर चालवा, मऊ मातीत दोन-चार वेळा फोर बाय फोर लावा-काढा, अन् पुन्हा रिकामं करा. जुनं जाड ऑइल त्याच्यासंगं निघते. मंग दुसऱ्यांदा भरा, ते कायमचं.

पण हे सगळ्याच गाड्यांले लागू नाई. एमएम ५४० सारख्या लिव्हरवाल्या जीपमध्ये साखळी नाई, गिअरच असतात. तिथं गिअर ऑइलच पडते. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीचं पाहून भरू नका, आपल्या गाडीचं पुस्तक पाहा. कोणी तरी जीपचा हिशोब लावूनच तुमच्या गाडीत ९० नंबरचं गिअर ऑइल ओतलं असन.

अन् ट्रायल मातीतच घ्या, डांबरावर नाई. वळणावर पुढच्या चाकाले मागच्यापेक्षा जास्त अंतर जा लागते. मातीत चाक थोडं घसरून तो फरक काढून टाकते. डांबरावर घसरत नाई, मंग सगळा पीळ साखळीवर अन् जॉइंटवर येते.

खारपाण (दर्यापूर)

तांबड्या पाण्याबद्दल मला बोलायचं आहे, कारण आमचा सगळा भाग त्यातून गेला आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगाला अमरावती, अकोला, बुलडाण्यात जो खारपाणपट्टा आहे तिथलं बोअरचं पाणी पिकालाही चालत नाही आणि माणसालाही. तरी तेच पाणी आम्ही वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं. माझ्या पहिल्या गाडीच्या रेडिएटरच्या नळ्या खुरप्याने खरडून काढाव्या लागतील इतक्या बुजल्या होत्या. पाणी तापलं की त्यातला क्षार नळीला आतून धरतो, आणि मीठ ॲल्युमिनियमला खातं. आधी वॉटर पंप गेला, मग हेड गॅसकेट.

वरूडकडचं पाणी आमच्याइतकं खारं नसेल, पण बोअरचंच ना? बॅटरीत घालतो ते डिमिनरलाइज्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे. यातलं ग्लायकॉल नुसतं थंड प्रदेशासाठी असतं असा आपल्याकडे समज आहे. पण निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू १०७ अंशांच्या आसपास जातो, आणि टोपीने दाब धरला की आणखी वीसेक अंश वर. मे महिन्यात भरलेली गाडी घेऊन घाट चढताना हाच फरक कामाला येतो. टोपीचं रबर कडक झालं असेल तर टोपीही नवीन घ्या, नाहीतर दाब धरलाच जात नाही.

हिरवं, लाल, निळं या रंगावर जाऊ नका. रंग कंपनी आपल्या मर्जीने घालते. आत आहे ते पूर्ण काढा, साध्या पाण्याने इंजिन चालवून दोन-तीनदा धुवा, शेवटचं धुणं डिमिनरलाइज्ड पाण्याचं, आणि मग एकाच जातीचं भरा. तयार मिश्रण घेतलंत तर त्यात पुन्हा पाणी घालू नका.

दूधगाडी (आर्वी)

खारपाण दादांनी लिहिलं त्याला एक जोड. काढलेलं कूलंट अंगणात उघडं ठेवू नका. ते चवीला गोड लागतं आणि विषारी असतं. आमच्या शेजारी घमेल्यात काढून ठेवलं होतं, कुत्र्याने चाटलं, दोन दिवसांत गेलं. गोठा जवळ असेल तर वासराचीही तीच गत होईल. झाकणाच्या कॅनमध्येच काढा आणि लगेच बंद करा.

काढलेल्या इंजिन ऑइलचंही तेच, ते धुऱ्यावर किंवा विहिरीजवळ ओतू नये. आम्ही कॅनमध्ये साठवून जळकं ऑइल नेणाऱ्या परवानाधारकाला देतो.

ब्रेकचं कुणी लिहिलं नाही, म्हणून सांगते. मी रोज पहाटे चाळीस कॅन दूध घेऊन निघते, माझ्यासाठी आठांपैकी तेच पहिलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी धरलं की हीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. भरलेली गाडी उतारावर सारखी ब्रेक मारत आणली की आत वाफ होते, आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. म्हणून दर दोन वर्षांनी, काळं दिसो न दिसो, बदलायचंच. फोडलेला डबा पावसाळाभर फळीवर ठेवून पुढच्या वर्षी वापरायचा नाही, त्यानेही तोवर पाणी धरलेलं असतं. हवा काढताना सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. आणि ब्रेकच्या टाकीत दुसरं कुठलंही ऑइल, अगदी झाकणभरही नको. रबर फुगून पूर्ण सिस्टिम बदलावी लागते.

जुनागॅरेज (काटोल)

ताई, बराबर सांगितलं. गाडीखाली जाच्या आधीचं म्याबी सांगाले पायजे होतं. काळ्या मातीत जॅक लावला त तो बसते. खाली जाड फळी टाका, चाकाले दोन्हीकडून दगड लावा, घोडी (लोखंडी टेकू) ठेवल्याशिवाय खाली जाऊ नका. अन् काही जुन्या जीपांचा हँडब्रेक चाकावर नाई, ट्रान्सफर केसच्या मागं शाफ्टवर असते. अशा जीपचं मागचं एक चाक उचललं की हँडब्रेक वढलेला असूनबी गाडी सरकू शकते. माह्या ओळखीच्या पोराचा पाय असाच गेला.

मेळघाट_कच्चा (धारणी)

पुढच्या क्राऊनमधला "दुधाचा चहा" कुठून आला ते शोधलं नाहीत, तर नवं ऑइलही दोन पावसांत तसंच होईल.

हाऊसिंगच्या वर एक लहानशी टोपी किंवा नळी असते, क्राऊन तिच्यातून श्वास घेतो. चालवताना क्राऊन गरम होतो, आतली हवा फुगून बाहेर पडते. तशीच गाडी नाल्याच्या गार पाण्यात उतरवली की हवा एकदम आकसते आणि बाहेरून ओढून घेते. टोपी मातीने बुजलेली असेल तर ती सीलच्या फटीतून नाल्याचं पाणी ओढते. सील चांगलं असूनही पाणी जातं ते असं.

टोपी काढून डिझेलने धुवा. मी तिथे डिझेलची रबरी नळी जोडून इंजिनच्या वर नेली आहे आणि टोकाला लहान फिल्टर लावलाय. नाल्यापाशी आल्यावर दहा मिनिटं थांबून क्राऊन निवू देणं हा बिनखर्चाचा उपाय.

खोल पाण्यातून आलात की रात्रभर गाडी उभी ठेवा. सकाळी खालचा नट दोन आटे ढिला करा, पूर्ण काढू नका. पाणी तळाशी बसलेलं असतं, ते आधी थेंब थेंब येतं. पाणी दिसलं तर सगळं बदला. नुसतं ऑइल आलं तर नट आवळा. शाफ्टच्या क्रॉसला आणि सरकत्या जोडाला ग्रीसही लगेच मारा, आतून चिखलाचं जुनं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत.

पांदणवाला (वरूड तालुका)

काम झालं, म्हणून सविस्तर लिहितो.

पुढच्या क्राऊनचा भरायचा नट दोन रात्री स्प्रे मारून तिसऱ्या दिवशी सुटला. काकांचं ऐकलं नसतं तर खालचा आधी काढून बसलो असतो. खालून आधी अर्धा पेला पाणी, मग चहा. चुंबकावर लगदा बराच होता, पण तुकडा नाही. स्वस्तातलं जीएल-५ भरून, पन्नास किलोमीटर चालवून ते काढलं, तेही किंचित पांढुरकं निघालं. मग चांगलं भरलं. श्वासाची टोपी मातीने पूर्ण बंद होती.

ट्रान्सफर केसमधून पहिल्या वेळी टाकलेलं एटीएफ तपकिरी होऊन आलं, दुसऱ्या वेळी लालच राहिलं. मोटरच्या सॉकेटमध्ये खरोखर हिरवा गंज होता. तो साफ केला. आता बटण फिरवल्यावर तीन-चार सेकंदांत दिवा स्थिर होतो. ऑइलने फरक पडला की सॉकेटने, हे सांगता येणार नाही, कारण दोन्ही एकाच दिवशी केलं. गुरगुर मात्र ऑइल बदलल्यावरच कमी झाली, पूर्ण गेलेली नाही.

भरताना अडचण आली ती वरच्या भोकापर्यंत पोचण्याची. भाऊ म्हणाला फवारणीचा पंप वापरू. नाही वापरला, त्यात औषधाचा अंश राहतोच. लांब पारदर्शक नळी इंजिनच्या बाजूने खाली सोडली, वर नरसाळं लावलं, आणि मुलगा वरून ओतत राहिला. जाड ऑइल उतरायला वेळ लागतो, डबा उन्हात ठेवला तर लवकर उतरतं.

सगळा खर्च दोन नव्या टायरांएवढा आला.

जुनागॅरेज (काटोल)

गुरगुर रायली त साखळी सैल झाली असन. आत्ता खोलाची गरज नाई. पाचशे किलोमीटरनं नट काढून चुंबक पाहा. महिन्यातून एकदा मातीत दोन-तीन किलोमीटर फोर बाय फोर चालवा. वापरलीच नाई त पुढच्या भागातल्या वरच्या सीलपर्यंत ऑइल पोचत नाई, ते सुकते.

पांदणवाला (वरूड तालुका)

ऑक्टोबरचं कळवतो. परतीचा पाऊस आठवडाभर होता, नाल्याला मांडीभर पाणी. अलीकडे दहा मिनिटं थांबलो, मग फोर बाय फोर लावून चाळीस क्रेट घेऊन पहिली खेप काढली. त्या दिवशी सहा खेपा झाल्या, एकदाही ट्रॅक्टर बोलवावा लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही क्राऊनचे खालचे नट दोन आटे ढिले केले. मागून स्वच्छ ऑइल आलं. पुढून आधी तीन थेंब पाणी आलं, मग ऑइल. म्हणजे श्वास मोकळा झाला तरी एखादं सील गळतंय. डाव्या चाकाकडचं हाऊसिंग ओलसर दिसतंय. तोड संपली की ते खोलतो. तोवर पुढच्या क्राऊनचं ऑइल आजच बदललं आहे.